भोपळ्याचा समुद्र

मालिकेत त्या ग्रहाचं नाव होतं तारकेय. तिथल्या सम्राटाचं आरमार आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेलं, भाऊ भावाच्या जिवावर उठलेला, एक राजकन्या परागंदा, आणि कुठल्याशा जुन्या युद्धात तिथला समुद्र विषारी होऊन गेलेला. दर शनिवारी संध्याकाळी लाखो लोक हातातलं काम टाकून या ग्रहाची काळजी करत बसत. ज्या कारखान्यात तो बनला होता तिथे मात्र त्याला सगळे भोपळा म्हणत.

त्यालाही कारण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी साडेचार फूट व्यासाचा तो फायबरचा पोकळ गोल पहिल्यांदा साखळीने छताला टांगला, तेव्हा त्याच्यावर फक्त तांबडं अस्तर चढलं होतं. सुतार दारातून आत आला, वर बघितलं आणि म्हणाला, एवढा भोपळा चिरायचा तर करवतच लागेल. झालं, नाव चिकटलं ते कायमचं. पुढे त्याच्यावर खंड आले, पर्वत आले, ढग आले, पण निर्मात्यांसमोरसुद्धा लोकांच्या तोंडून 'भोपळा जरा डावीकडे घ्या' असंच निघायचं. त्या ग्रहाचा सूर्य म्हणजे कोपऱ्यातला एक भला मोठा दिवा, आणि ग्रह फिरायचा तो भंगारातून आणलेल्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर. ज्यांना हे माहीत नव्हतं ते सुखी होते.

एकोणीस वर्षांत मालिकेत सगळं बदललं. एक सम्राट दुसऱ्या मालिकेत वकील झाला, दुसऱ्याचे गुडघे दुखायला लागले म्हणून त्याला सिंहासनावरून उतरवलं. राजकन्येचं काम करणाऱ्या दोघीजणी लग्न करून गेल्या आणि तिसरी आली. कारखान्यात टिकून राहिले दोघंच. एक भोपळा आणि दुसरा त्याला रंगवणारा माणूस.

या माणसाला कारखान्यात अंदाजे म्हणत. नवी माणसं तर हे त्याचं आडनावच समजत, आणि एकदा हजेरीच्या यादीतही ते तसंच छापून आलं होतं. त्याने दुरुस्त करून घेतलं नाही. कुठलाही रंग कसा केला असं विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं, "अंदाजे." निळा किती? अंदाजे. थिनर किती? अंदाजे. कलादिग्दर्शकाने पहिल्या वर्षी प्रत्येक रंगाची एक पट्टी करून दिली होती, समुद्राची, वाळवंटाची, बर्फाची, म्हणजे दरवेळी ती शेजारी धरून रंग जुळवता यावा. अंदाजेने त्या पट्ट्या एका पाकिटात घातल्या, पाकीट रंगाच्या कपाटात तळाशी ठेवलं आणि परत कधी बाहेर काढलं नाही. पट्टी धरून रंग जुळवायचा तर मग डोळे कशाला दिलेत, असं तो म्हणायचा. हा त्याचा माज होता, दुसरा शब्द नाही. पण तो माज त्याला शोभत होता, कारण त्याचा रंग चुकत नसे.

तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग नाटकांचे पडदे रंगवायला लागला. एक्केचाळिसाव्या वर्षी या कारखान्यात काम मागायला आला, तेव्हा परीक्षा म्हणून त्याला ओल्या सिमेंटच्या पोत्याचा रंग करायला सांगितलं होतं. त्याने पाच मिनिटांत तो केला आणि वर विचारलं, पोतं सकाळी भिजलेलं हवं की आत्ता? त्याच दिवशी त्याला ठेवून घेतलं. ही गोष्ट तो घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा आणि बायको प्रत्येक वेळी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जायची.

भोपळ्याच्या समुद्राचा मूळ रंग कुणाला आवडावा असा नव्हता. विषारी समुद्र म्हणून तो साचलेल्या डबक्यासारखा, करडा आणि थोडा हिरवट केलेला होता. दिव्याच्या उष्णतेने रंग उडायचा, शिडी लागून ओरखडे पडायचे, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी अंदाजे त्याच्यावर हात फिरवायचा. शिडीवर चढायचं, मोटर बंद करायची, एका हाताने ग्रह धरायचा आणि दुसऱ्या हाताने समुद्र भरायचा. या कामात त्याला कुणी बोललेलं चालत नसे.

गेल्या चार वर्षांपासून मात्र समुद्र त्याला मळकट दिसायला लागला होता. करडा रंग पिवळसर वाटायचा, चहात बुडवून काढल्यासारखा. त्याला वाटलं, दिव्याने रंग जळतोय. म्हणून तो थोडा निळा वाढवायचा. महिन्याभराने परत मळकट. परत थोडा निळा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर अंदाजेनेच त्याला पाकिटातली पट्टी काढून दाखवली असती. स्वतःवर ती वेळ येईल असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या कारखान्यात कुणाच्याच लक्षात आलं नाही? आलं की. पण कलादिग्दर्शकाला वाटलं लेखिकेने सांगितलं असेल, दिग्दर्शकाला वाटलं कलादिग्दर्शकाने ठरवलं असेल, आणि बाकीच्यांना वाटलं, अंदाजे करतोय म्हणजे बरोबरच असणार. दहा माणसं एका ठिकाणी काम करत असली की असंच होतं.

मग एका सोमवारी सकाळी कॅमेरामनने त्याला टेबलाशी बोलावलं. हा कॅमेरामन दोन वर्षांपूर्वी आलेला, अंदाजेच्या मुलाच्या वयाचा, कामाला चोख. पुढच्या महिन्यात मोठं दृश्य होतं. राजकन्या इतक्या वर्षांनी तारकेयपाशी परत येते, आणि तिला लहानपणी तो सोडून जातानाचं आठवतं. म्हणजे पहिल्या वर्षीचं चित्रीकरण आणि आजचं, दोन्ही पाठोपाठ दिसणार. त्याने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि हळूच विचारलं, "काका, हा एकच ग्रह आहे का?"

अंदाजेने फोटो उचलून खिडकीपाशी नेले. त्याला फरक दिसला, नाही असं नाही. एक जरा जास्त मळलेला, एक जरा कमी. थोडा फरक आहे खरा, असं तो म्हणाला.

"थोडा?" कॅमेरामन म्हणाला, आणि तो अंदाजेकडे बघत राहिला.

कॅमेरामनच्या मनात वाईट काही नव्हतं. रंग बनवणारी कंपनी बदलली का, असं त्याने विचारलं. अंदाजेने हो म्हणून टाकलं. साठ वर्षांच्या आयुष्यात रंगाच्या बाबतीत तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. कॅमेरामन म्हणाला, हरकत नाही, अजून महिना आहे, लेखिकाबाईंच्या लक्षात यायच्या आत जुन्यासारखा करून टाका. बाईंचा या ग्रहावर फार जीव आहे, उगाच गहजब नको.

अंदाजे घरी गेला आणि ताटावर नुसता बसून राहिला. भीती दोन होत्या आणि त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या. डोळे बिघडलेत असं कारखान्यात कळलं तर त्याला कोण ठेवणार? आणि डॉक्टरकडे जावं, तर त्याच्या वडिलांचा एक डोळा ऑपरेशननंतरच गेला होता. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजलेले वडील त्याला अजून आठवत. म्हणून गेली दोन वर्षं तो डोळे तपासायचं टाळत होता. रस्ता ओलांडताना लोकांच्या मागे मागे चालायचा. काळा मोजा कुठला आणि गडद निळा कुठला हे कळेना, तेव्हा त्याने सगळे मोजे काळेच आणले.

बायकोने ताट सरकवलं आणि समोर बसली. ती एका शाळेत ग्रंथपाल होती, आवाज न चढवता बोलायची तिला आयुष्यभराची सवय. "तुमच्या डोळ्यांना काय झालंय ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही," ती म्हणाली. "फक्त आपण ते एकमेकांना सांगितलेलं नाही. उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे मी."

कधी घेतली, असं त्याने विचारलं. त्याच दुपारी, ती म्हणाली, आणि त्याच्या आधीही तीनदा घेऊन रद्द केली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई जेमतेम चाळिशीच्या असतील. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकला, हनुवटी टेकवायला लावली, थेंब घातले आणि परत उजेड टाकला. अंदाजे खुर्चीत जीव मुठीत धरून बसला होता. शेवटी त्या म्हणाल्या की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला, उजव्यात जास्त. आतलं भिंग जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलंय, त्यामुळे जगही पिवळं दिसतं आणि निळा तर जवळजवळ पोचतच नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय काम करता?

रंगारी, बायकोनेच सांगितलं.

डॉक्टरबाईंनी त्याच्या वडिलांच्या डोळ्याची सगळी हकीगत नीट ऐकून घेतली आणि सांगितलं की आता ते दिवस राहिले नाहीत. वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी, आणि त्यांच्या मते नजर उत्तम येईल. अंदाजेने आयुष्यात कुणाचे पाय धरले नव्हते. त्या दिवशी त्याला धरावेसे वाटले, पण हनुवटी अजून यंत्रावरच होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. डाव्याचं महिन्याभराने करायचं ठरलं. पंधरा दिवस धूळ आणि रंगाचा वास वर्ज्य. कारखान्यात त्याने गावाला जातोय असं सांगितलं, आणि घरी बसून बायको घालेल ते थेंब घालून घेतले. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती दवाखान्याची भिंत, आणि ती पांढरी होती. इतकी पांढरी भिंत त्याने कित्येक वर्षांत बघितली नव्हती. तो हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की अजून एक गोष्ट बघायची राहिली आहे.

सोळाव्या दिवशी रविवार होता. कारखाना बंद. त्याच्याकडे किल्ली होती. तो एकटाच आत गेला, सूर्य लावला आणि वर बघितलं.

आधी त्याने उजवा डोळा झाकला. डाव्याने भोपळा रोजच्यासारखाच दिसला, करडा, मळकट, ओळखीचा. मग डावा झाकून उजव्याने बघितलं आणि तो रंगाच्या डब्यावर मटकन बसला. वर एक निळाशार ग्रह टांगलेला होता. करडा नाही, हिरवट नाही, नुसता निळा, सणसणीत निळा. त्याने परत डोळे बदलले, परत बदलले. चार वर्षं तो शिडीवर चढून स्वतःच्या हाताने हे करत होता. लाजेने त्याचे कान तापले. एवढ्या लोकांनी हा समुद्र बघितला, आणि एकट्या रंगाऱ्याने नाही.

मग त्याने कपाट उघडलं, तळातून पाकीट काढलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा समुद्राची पट्टी हातात घेतली. ती शेजारी धरून त्याने जुना करडा हिरवट रंग जुळवला, गुपचूप, चोरासारखा. शिडीवर चढला. दक्षिणेकडच्या एका आखातापासून सुरुवात केली. पंजाएवढा भाग झाला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काका, हे काय करताय?"

लेखिकाबाई दारात उभ्या होत्या. मालिकेची प्रत्येक ओळ एकोणीस वर्षं त्यांनीच लिहिली होती. मोठं काही लिहायचं असलं की त्या रविवारी येऊन भोपळ्याखाली खुर्ची टाकून बसत. ही गोष्ट पहारेकऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. अंदाजेला तर मुळीच नाही.

त्याला दुसरं खोटं सुचलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण एक तर शिडीवर उभं राहून, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात ग्रह धरून खोटं बोलणं अवघड असतं, आणि दुसरं म्हणजे तो त्या खोटेपणाला आता कंटाळला होता. तो खाली उतरला आणि त्याने सगळं सांगितलं. मोतीबिंदू, मळकट दिसणारा समुद्र, दर महिन्याला थोडा थोडा निळा, कॅमेरामनला मारलेली थाप, गावाला गेल्याची थाप. पट्टी वापरली असती तर हे झालं नसतं, हेही सांगितलं. तेवढं सांगताना त्याला सगळ्यात जास्त त्रास झाला.

बाई ऐकत होत्या, पण बघत होत्या आखाताकडे.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हतं केलं?" त्या म्हणाल्या.

"मुद्दाम कशाला करीन बाई? मला दिसतच नव्हतं."

बाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनीही सांगितलं. चार वर्षांपूर्वी मालिका संपवायची ठरली होती. शेवटच्या भागात तारकेय फुटणार, ठिकऱ्या ठिकऱ्या होणार, आणि राजकन्या लांबून नुसती बघत राहणार. तसं लिहूनही झालं होतं. ते चौकटीत बसतंय का बघायला त्या इथे आल्या, तर समुद्र जरासा निळा. त्यांना वाटलं भास असेल. महिन्याभराने आल्या, तर आणखी निळा. तेव्हा त्यांची खात्री पटली की हा माणूस तोंडाने बोलत नाही, पण सांगतोय काहीतरी.

"मला वाटलं, तुम्ही मला सांगताय की याला मारू नका, हा बरा होतोय," त्या म्हणाल्या. "मला इतकी लाज वाटली की मी घरी जाऊन तो भाग फाडून टाकला. चार वर्षं जे लिहितेय ते सगळं त्या निळ्यावर उभं आहे, काका. समुद्र निवळलाय म्हणूनच तर ती परत येतेय, फक्त हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. जुना ग्रह आणि नवा ग्रह पाठोपाठ दाखवायचे ते लोकांना फरक दिसावा म्हणूनच. आणि तुम्ही तो पुसायला निघालात."

अंदाजेने हातातला ब्रश थिनरच्या डब्यात टाकला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि अचानक त्यांना हसू फुटलं. त्या हसत हसत म्हणाल्या की समीक्षक आता या समुद्रावर पानंच्या पानं लिहितील, आणि तो आला कुठून तर मोतीबिंदूतून. मग अंदाजेही हसला. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि थेंब घातलेला डोळा चोळायचा नाही म्हणून त्याने ते तसंच वाहू दिलं.

निघताना बाईंनी त्याला दोन गोष्टी बजावल्या. एक, आखात होतं तसं निळं करा, आज आत्ता. दुसरी, दुसऱ्या डोळ्याचं लांबवू नका, कारण राजकन्या परत आली की वस्ती करायला लागणार. बंदरं, शेतं, गावं, अंधाऱ्या बाजूला दिवे. एवढं सगळं कोण रंगवणार? कॅमेरामनशी मी बोलेन, असंही त्या म्हणाल्या. अंदाजे म्हणाला, नको, थाप मी मारली, मीच सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. कॅमेरामन एवढंच म्हणाला की त्याच्या आईलाही हल्ली दिवे फुटल्यासारखे दिसतात, डॉक्टरबाईंचा नंबर मिळेल का.

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या रविवारी आखात निळं करून तो घरी पोचला तेव्हा दुपार झाली होती. बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी भाजी निवडत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एका दमात, पायातले बूटही न काढता.

"म्हणजे काढणार नाहीत तुम्हाला," ती म्हणाली.

"नाही."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "मला माहीत होतं समुद्र निळा होतोय ते."

त्याला कळेना.

"तुम्ही पाट्या रंगवायचात तेव्हापासून तुमचे रंग ओळखते मी. हा तुमचा नव्हे, हे चार वर्षांपूर्वीच कळलं होतं मला. मग दर शनिवारी बघायचे, आज किती निळा झाला. जितका निळा, तितकं तुमचं दिसणं कमी झालेलं. बोलले असते तर तुमचं काम गेलं असतं. काम गेल्यावर तुमचं काय झालं असतं ते मला बघायचं नव्हतं. आणि नाही बोलले तर डोळे जाणार. चार वर्षं मी नुसती वेळ घ्यायचे आणि रद्द करायचे."

तो तिच्या शेजारी बसला. एवढ्या वर्षांत तिला असं बोलताना त्याने ऐकलं नव्हतं. मग त्याने रंगाऱ्याचा प्रश्न विचारला.

"वाईट दिसायचा का गं?"

"नाही हो," ती म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून आले. "फार सुंदर दिसायचा. म्हणूनच तर बघवायचा नाही. तो दिसला की मी उठून जायचे."

पुढच्या शनिवारी तारकेय पडद्यावर आला तेव्हा ती उठली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, त्याचा हात धरला आणि समुद्र दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.